लुगडं हिरवं होतं माझं

पहाटेचे साडेपाच, कुलाब्याचं ससून डॉक. हा जो कल्ला ऐकू येतोय ना, तो भांडणाचा नाहीये, मासळीच्या लिलावाचा आहे. हे फुटेज एप्रिलचं. तेव्हा मी दर शनिवार-रविवार पहिली लोकल पकडून इथं यायचो, कॉलेजच्या फायनल प्रोजेक्टसाठी. एकूण चौदाशे फोटो काढले आणि लावायचे फक्त अठरा, ऑगस्टमध्ये, कॉलेजच्याच हॉलमध्ये.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरांनी साठ फोटो मागवले, तेही चार बाय सहाचे स्वस्तातले प्रिंट, लॅपटॉपवर बघणारच नाही म्हणाले. सगळे फरशीवर पसरले, सर चपला काढून मधून फिरायला लागले आणि बोलेनात काहीच, फक्त मधेच वाकायचे आणि एखादा फोटो पालथा घालायचे. सूर्योदय पालथा. बगळे पालथे. दोरावर बसलेला कावळा, जो मला फार ग्रेट वाटत होता, तोही पालथा. इन्स्टावर सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेला खलाशाचा फोटो हातात घेऊन म्हणाले, हा तू कुणाचा तरी बघून काढलायस. काढला होता, काय बोलणार.

आणि कोलंबी सोलणाऱ्या बायकांचे फोटो तर प्रिंटमध्ये कोळसा झाले होते, हात दिसतायत आणि तोंडं गायब. ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करत बसलं की स्क्रीनवर सगळं उजळच दिसतं, मग आपण फोटो आणखी डार्क करत जातो, आणि कागदाला काही स्वतःचा उजेड नसतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर प्रिंटचे पैसे वाचले असते. शेवटी सरांनी एवढंच विचारलं, या बायकांना दाखवलेस का?

नव्हते दाखवले.

म्हणून मग हे कोळीवाड्यातलं घर. कोलंबी सोलणाऱ्यांतल्या मावशीनं चष्मा शोधला, पहिला फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "लुगडं हिरवं होतं माझं, काळं कशाला केलंस? कुणी मेलंय का?" आता तिला काय सांगू, ब्लॅक अँड व्हाइट केलं की प्रोजेक्ट सिरीयस वाटतो म्हणून केलं. तिची सून तर प्रत्येक टोपलीत काय आहे तेच ओळखत बसली, पापलेट की हलवा, सगळं एकच राखाडी.

पहिल्या फोटोखाली मी लिहिलं होतं की हे डॉक 1875 सालचं, ससून घराण्यानं बांधलेलं, कापसाच्या व्यापारासाठी वगैरे. सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी म्हणे, "कापूस राहू दे. बंदी कुठाय यात?"

बंदी म्हणजे 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. पावसाळा, त्यात माशांच्या विणीचा काळ, म्हणून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. मी त्या दिवसांत डॉकवर फिरकलोच नव्हतो, कारण माझ्या मते तिथं काढण्यासारखं काही नव्हतं. आणि ही बाई सांगतेय, "दोन महिने हातात पैसा नसतो, ते दिसायला नको का? तुझ्या फोटोत आम्ही रोजच कमावतोय."

हे पुढचं सगळं जुलैच्या शेवटच्या आठवड्यातलं. एकाला एक चिकटून बांधलेल्या बोटी, ताडपत्रीखाली जाळी शिवणारे दोघं, रंगाचे डबे. आणि जिथं लिलावात उभं राहायला जागा मिळत नाही तिथं बरोबर मध्यभागी झोपलेलं हे मांजर. चार दिवसांत पाच फोटो मिळाले, आधी निवडलेल्यांतले पाच त्यांच्यासाठी वगळले, त्यातला एक वगळताना जीव गेला माझा.

रंगाचं भांडण अजून मिटलेलं नाहीये. सरांना अठराच्या अठरा ब्लॅक अँड व्हाइटच हवेत, मधेच एक रंगीत टाकला तर लोक तेवढाच बघतील म्हणतात, आणि त्यांचंही चूक नाही. टेस्ट प्रिंट लॅबमध्ये आहेत. मावशीचा मी दोन्ही प्रकारे काढायला सांगितलाय, बारा बाय अठरा, हिरव्या लुगड्याचासुद्धा.