ग्रँड पोर्टेज : जलमार्गावरचा खुष्कीचा टप्पा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या अगदी ईशान्य टोकाला पिजन नदी लेक सुपीरियरला मिळते. नदीचा शेवटचा सुमारे ३० किलोमीटरचा प्रवाह धबधबे आणि खडकाळ घळी यांनी इतका भरलेला आहे, की त्यातून होडी नेणे अशक्यच. मात्र हे धबधबे ओलांडले, की नद्या आणि सरोवरे यांची अशी एक साखळी हाती लागते, जी रेनी लेक, लेक ऑफ द वूड्स, लेक विनिपेग अशी मजल दरमजल करीत थेट कॅनडाच्या वायव्येकडील अथाबास्का प्रदेशापर्यंत पोहोचवते. या भागातील मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांना हे गोरा माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. सरोवराच्या काठापासून धबधब्यांच्या वरच्या अंगापर्यंत त्यांची साडेतेरा किलोमीटरहून थोडी लांब अशी पायवाट होती. तिलाच पुढे फ्रेंचांनी ग्रँड पोर्टेज, म्हणजे होडी आणि माल खांद्यावरून वाहून न्यायची मोठी वाट, म्हटले.

१७३१ साली ला वेरेंद्री हा फ्रेंच अधिकारी आपली माणसे घेऊन येथे आला, तेव्हा या वाटेची लांबी पाहून त्याच्या माणसांनी पुढे जायचेच नाकारले. अखेर पुतण्याबरोबर एक लहान तुकडी रेनी लेककडे रवाना झाली आणि ला वेरेंद्रीला स्वतः हिवाळा वाटेच्या अलीकडच्या बाजूलाच काढावा लागला. या वाटेचा धाक किती होता, हे सांगायला एवढा प्रसंग पुरेसा आहे.

एवढा खटाटोप होता तो युरोपातल्या टोप्यांसाठी. बीव्हर या प्राण्याच्या अंगावरील आतल्या मऊ लवेपासून उत्तम, पाण्याला न बधणारे नमदे तयार होत आणि त्यांच्या टोप्यांना युरोपच्या बाजारात मोठी मागणी होती. युरोपातले बीव्हर शिकारीमुळे जवळपास संपत आले, तसतसे व्यापारी उत्तर अमेरिकेच्या अधिकाधिक आत शिरू लागले. अठराव्या शतकाच्या अखेरीस या मार्गावर माँट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनी या कातड्यांच्या व्यापारी कंपनीचे वर्चस्व होते.

मे महिन्यात माँट्रियलजवळच्या लाशीनहून होड्या निघत. ओटावा नदी, लेक निपिसिंग, फ्रेंच नदी आणि लेक ह्युरॉन असा प्रवास करून त्या लेक सुपीरियरच्या उत्तर काठाकाठाने ग्रँड पोर्टेजला येत. सुमारे ११ मीटर लांबीच्या या होड्या तीन-चार टन माल वाहत, आणि तरीही त्या झाडाच्या सालीच्या असत. ज्या भूर्जाच्या सालीवर काश्मिरात पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातल्या झाडाची ही साल. देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या फासळ्यांवर ती ताणून बसवायची, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळांनी शिवायची आणि सांधे डिंकाने बुजवायचे. खडक लागून होडी फाटली, तर दुरुस्तीचे सामान आजूबाजूच्या रानातच मिळे. ही विद्या मूळ रहिवाशांची. साल शिवण्याचे आणि डिंक लावण्याचे काम बहुतेक स्त्रियांच्या हातचे असे, याचा उल्लेख व्यापाराच्या इतिहासात अभावानेच येतो.

ग्रँड पोर्टेजला पोहोचल्यावर खरी परीक्षा सुरू होई. मालाचा प्रत्येक गठ्ठा सुमारे ४१ किलोंचा. कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या आधाराने असे दोन गठ्ठे पाठीवर घेऊन माणूस चढाला लागे. व्हॉयाजर म्हणवल्या जाणाऱ्या या वल्हेकऱ्यांपैकी प्रत्येकाला आठ गठ्ठे वाटेच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या फोर्ट शार्लट या ठाण्यापर्यंत पोहोचवणे बंधनकारक होते. त्याहून जास्तीच्या प्रत्येक गठ्ठ्याला एक स्पॅनिश डॉलर मिळे. काही जण दोन गठ्ठे नेऊन, येताना दोन गठ्ठे घेऊन सहा तासांत परतत, असे नॉर्थ वेस्ट कंपनीचा भागीदार अलेक्झांडर मॅकेन्झी याने नोंदवून ठेवले आहे. वाट चिखलाची, चढउताराची आणि डासांनी भरलेली.

वरून येणाऱ्या लहान होड्या अंतर्भागात हिवाळा काढलेल्या माणसांच्या असत. जुलैमध्ये दोन्ही बाजूंचे लोक येथील वखारीत भेटत. कातडी पूर्वेकडे आणि घोंगड्या, पितळी भांडी, बंदुका, तंबाखू, मद्य पश्चिमेकडे जाई. मद्याने आणि रोगराईने मूळ रहिवाशांची जी हानी केली, तीही याच व्यापारी वाटांनी पसरली. १७८१-८२ च्या देवीच्या साथीने अंतर्भागातल्या कित्येक वस्त्या उजाड केल्या.

या मार्गाचे भवितव्य मात्र नकाशावर ठरले. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १७८३ च्या पॅरिस तहाने सीमारेषा या जलमार्गाला धरूनच आखली आणि ग्रँड पोर्टेजची वखार अमेरिकेच्या हद्दीत गेली. अमेरिकन जकातीच्या भीतीने नॉर्थ वेस्ट कंपनीने १८०३ मध्ये आपले ठाणे उत्तरेला, आजच्या थंडर बे शहराच्या जागी, कॅमिनिस्टिक्विया नदीच्या मुखाशी हलवले. तिकडून जाणारा मार्ग अधिक लांबचा होता, पण तो ब्रिटिश हद्दीत होता. १८२१ मध्ये ही कंपनी आपल्या प्रतिस्पर्धी हडसन बे कंपनीत विलीन झाली आणि माल हडसन उपसागरातून जहाजांनी येऊ लागला. माँट्रियलहून होड्यांचे ताफे पाठवण्याचे कारणच उरले नाही.

पुढे १८४२ च्या वेबस्टर-ॲशबर्टन कराराने सीमा पक्की केली आणि त्यात ग्रँड पोर्टेजची वाट दोन्ही देशांच्या नागरिकांसाठी खुली राहील, असे कलमही घातले. व्यापार संपल्यावर दिलेली ही मुभा जरा उशिराचीच म्हणायची.

१९६० साली याच सीमेवरील ग्रॅनाइट नदीत बुडी मारून शोध घेणाऱ्यांना एकात एक बसवलेली १७ पितळी भांडी सापडली. प्रवाहात होडी उलटून बुडालेला तो माल होता. १९५८ मध्ये वखारीची जागा आणि वाट राष्ट्रीय स्मारक झाली, तीही ग्रँड पोर्टेजच्या ओजिब्वे समाजाने दिलेल्या जमिनीमुळे. १९९९ पासून स्मारकाची देखभाल करारान्वये हाच समाज करतो. फोर्ट शार्लटच्या जागी परवाना घेऊन तंबू ठोकता येतो, आणि काही हौशी मंडळी होडी खांद्यावर घेऊन ही वाट पार करतात. त्यांच्या पाठीवर अर्थात ८२ किलोंचे ओझे नसते.