नजरअंदाज पैसेवारी आणि लीगचा तक्ता

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, खरिपाची पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, तीनदा निघते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज (नुसत्या नजरेनं केलेला अंदाज), ऑक्टोबरअखेर सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. नजरअंदाजात पन्नास पैशांच्या वर दिसलेलं गाव बोंडअळीनंतर खाली कसं येतं, हे इथं कोणाला सांगायला नको. पण तोच माणूस पानठेल्यावर प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या, १९ सामन्यांनंतरचा तक्ता मोबाईलवर दाखवतो आणि म्हणतो, "आता काही चिंता नाही बाप्पा, ट्रॉफी आपलीच!" सामने प्रत्येक संघाचे ३८ असतात. म्हणजे त्याच्या हातात असते ती नजरअंदाज. तिची पीक कापणी, म्हणजे खरी पडताळणी, कशी करायची, तेवढंच आज बोलू.

पहिली चूक शिल्लक सामन्यांची. पावसामुळे किंवा कपच्या, म्हणजे लीगबाहेरच्या स्पर्धेच्या, सामन्यामुळे एखाद्या संघाचा लीगचा सामना मागे राहतो आणि पोट्टे लगेच त्याच्या विजयाचे तीन गुण (बरोबरीचा एकच असतो) बेरजेत धरून मोकळे होतात. तसं करू नका. १८ सामन्यांत ३६ गुण म्हणजे सरासरी दोन, तेव्हा राहिलेल्या सामन्याचे दोनच धरा. तो सामना बलाढ्य संघाच्या मैदानावर असेल तर एक. मग प्रत्येक संघाचे घरचे किती झाले आणि बाहेरचे किती उरले ते लिहा. एकाचे दहा घरी झाले आणि दुसऱ्याचे नऊच, तर त्यांचे गुण सारखे दिसले तरी सारखे नसतात.

त्यानंतर वरच्या सहा संघांचे आपसातले कोणते सामने बाकी आहेत ते पाहा. थेट प्रतिस्पर्ध्याला हरवलं की आपल्याला तीन मिळतात आणि त्याचे तीन जातात. सहा गुणांची आघाडी असलेल्या संघाला त्या प्रतिस्पर्ध्याकडे जाऊन खेळायचं असेल, तर ती आघाडी तीनचीच समजा.

२०२२-२३ च्या हंगामातला आर्सेनल संघ घ्या. १९ सामन्यांत ५० गुण. त्या वेळी "अजून वेळ आहे" म्हणणाऱ्याला कोणी बसू दिलं नसतं. उरलेल्या १९ मध्ये आले ३४. मार्चमध्ये बचावातला सलिबा जखमी झाला आणि त्याच्या जागी तेवढ्या तोलामोलाचा खेळाडू नव्हता. एप्रिलमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅमविरुद्ध २-० ने पुढे असताना दोन्हीकडे २-२, मग घरी साउदॅम्प्टनशी ३-३. तीन बरोबरींत सहा गुण गेले. शेवटी मँचेस्टर सिटीचे ८९, आर्सेनलचे ८४. यातून पाहायचं ते हे की पहिल्या अकराची यादी सगळ्यांना पाठ असते, बारावा ते अठरावा खेळाडू कोण, हे विचारलं की पारावर शांतता पसरते. हंगामाचा दुसरा भाग बहुतेक याच सात जणांवर ठरतो.

गोलफरकाकडे, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, जानेवारीत कोणी बघत नाही. २०११-१२ मध्ये मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचेही ८९ गुण झाले. सिटीचा गोलफरक ६४, युनायटेडचा ५६. सिटीच्या अगुएरोचा शेवटच्या मिनिटातला गोल सगळ्यांना आठवतो, पण हिशेब ऑक्टोबरमध्येच झाला होता. युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, सिटीने ६-१ ने जिंकलेला सामना काढा. समजा तो फक्त १-० झाला असता. मग सिटीचे ८८ गोल, खाल्लेले २८. युनायटेडचे ८८, खाल्लेले २८. आकडा पुन्हा लावून पाहा, दोघांचं अगदी सारखं! त्या वेळच्या नियमाप्रमाणे तटस्थ मैदानावर निर्णायक सामना घ्यावा लागला असता. ३-१ झाल्यावर "कशाला धावता, जिंकलाच तर" असं म्हणणारे भाऊ इथंही असतील. त्यांच्यासाठी हे उदाहरण.

मात्र गुण सारखे झाले की गोलफरक पाहायचा, हा नियम सगळीकडे चालत नाही आणि वाद घालणारे इथं हमखास घसरतात. स्पेनमध्ये गुण सारखे झाले की आधी आपसातले सामने पाहतात. २००६-०७ मध्ये रिआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६. गोलफरक बार्सिलोनाचा कितीतरी चांगला, पण रिआलने घरी २-० जिंकलं आणि बार्सिलोनात ३-३ केलं होतं, त्यामुळे विजेतेपद रिआलचं. आपल्या आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग) २०२०-२१ ला मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान ४० गुणांवर अडले. मुंबईने आपसातले दोन्ही साखळी सामने जिंकलेले, म्हणून साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची शील्ड मुंबईकडे. तेव्हा कोणत्या लीगबद्दल बोलताय ते आधी ठरवा, मग आवाज चढवा.

आता अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी. प्रत्येक फटक्याला जागा, कोन, डोकं की पाय हे पाहून गोलाची शक्यता लावतात. पेनल्टी पाऊण गोलापेक्षा जराशी जास्त भरते. १९ सामन्यांत २२ एक्सजी आणि गोल ३० असतील, तर आठ गोल आगाऊ उचल घेतल्यासारखे आहेत. मेस्सीसारखा फिनिशर असेल तर ती उचल फेडावी लागत नाही, बाकीच्यांना बहुधा लागते. पण एका सामन्याचा एक्सजी दाखवून "आम्हीच जिंकायला पाहिजे होतं" म्हणू नका. दोन गोलांनी पुढे असलेला संघ मागे बसतो, समोरचा लांबून वीस फटके मारतो आणि त्याचा आकडा फुगतो. निदान दहा सामन्यांची बेरीज घ्या.

तक्त्याच्या खालच्या टोकाला, चाळीस गुण झाले की संघ खालच्या विभागात उतरत नाही, ही अफवा फार जुनी. वेस्ट हॅम २००३ मध्ये ४२ गुण असून उतरलं. २०२४ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट ३२ वर वाचलं, तेही चार गुण कापल्यावर. त्याच हंगामात एव्हर्टनचे आर्थिक नियमांपायी आधी दहा कापले, अपिलात सहा केले आणि नंतर आणखी दोन गेले. म्हणजे तक्ता मैदानाबाहेरही हलतो. आणि लेस्टर? २०१४ च्या नाताळात तळाला, २९ सामन्यांनंतर १९ गुण. शेवटच्या नऊपैकी सात जिंकून ४१ वर चौदावं आलं. पुढच्याच हंगामात विजेतं, ८१ गुणांनी. अशी उदाहरणं हातात असली की प्रत्येक तळाचा संघ लेस्टर वाटायला लागतो. तसं होत नाही. नाताळात तळाला असलेले बहुतेक संघ मे महिन्यात उतरतातच.

जानेवारीतल्या खेळाडूंच्या खरेदीवर फार वेळ घालवत नाही. त्या महिन्यात चांगला माल विकायला कोणी तयार नसतं, बाजारात येतो तो फरदडीचा कापूस. त्यापेक्षा पंच ताकीद म्हणून दाखवतो त्या पिवळ्या कार्डांचा हिशेब ठेवा. प्रीमियर लीगमध्ये पहिल्या १९ सामन्यांत पाच पिवळी झाली की एका सामन्याची बंदी. विसाव्या सामन्यापासून पाचाची धास्ती संपते, मग ३२ व्या सामन्यापर्यंत दहाची मर्यादा आणि दोन सामन्यांची बंदी. चार कार्डांवर असलेला तुमचा मधल्या फळीचा माणूस अठराव्या सामन्यात हात आखडून का खेळतो, याचं उत्तर इथं आहे. आफ्रिकी देशांचा आफ्रिका कप जानेवारीत येतो त्या वर्षी कोणत्या संघाचे किती खेळाडू जाणार, तेही त्याच वहीत लिहा.

वहीत रकाने एवढेच करा: झालेले सामने, गुण, घरचे उरलेले, बाहेरचे उरलेले, गोलफरक, एक्सजीचा फरक, जखमी, चार पिवळी. हिवाळ्यात इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे रात्री साडेआठला येतो आणि साडेपाचचा अकराला. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन असली तर अकराचा सामना मोटारीजवळच बघावा लागेल, मोबाईल आधी चार्ज करून ठेवा. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकतात, की तोच तीनचा सामना आपल्याकडे साडेसातला सुरू होतो. दरवर्षी कोणीतरी त्या आठवड्यात साडेआठला मोबाईल उघडतो आणि अर्धी मॅच गेलेली असते.