इंजिन बोलेना

(दृश्य: खिडकीबाहेर पाऊस. जमिनीवर कालचा पेपर, त्यावर लाल प्लास्टिकचं इंजिन.)

लोअर परळ. जुलैतला शनिवार. हे इंजिन माझ्या मुलीचं. मे महिन्यात आम्ही गावी गेलो आणि हे कपाटात राहिलं, सेलसकट. चूक तिथेच झाली.

नवे सेल घातले. ढिम्म. "बाबा, हे मेलं का?"

(दृश्य: सेलचं झाकण, जवळून.)

स्प्रिंगवर पांढरी भुकटी, कडेला हिरवट थर. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. त्यावर उतारा आंबटाचा: व्हिनेगर, नाहीतर लिंबू. कापसाचा इअरबड बुडवून लावला की भुकटी फसफसते. हातमोजे मात्र घालाच, हे कातडीला चावतं.

स्प्रिंगा लख्ख झाल्या. इंजिन तसंच. अर्धा तास मी त्याच घासत बसलो होतो, कारण दिसत होतं ते तेवढंच.

शेवटी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि वायरी तपासायचं यंत्र, काढला, जो आधी काढायला हवा होता. तीन सेल, म्हणजे साधारण ४.५ व्होल्ट. स्प्रिंगांवर बरोबर मिळाले. सर्किटवर, जिथे वायरी पोचतात तिथे, शून्य. एकेक वायर तपासली. काळीवर मीटर 'टीं' करून वाजला, म्हणजे ती अखंड. लालवर गप्प.

आणि लाल वायर दिसायला धडधाकट!

(दृश्य: ब्लेडने सोललेली वायर.)

आतलं तांबं कोळशासारखं काळं. समईच्या वातीत तेल चढावं तसं ते गळलेलं पाणी तारांमधून, प्लास्टिकच्या आतून, वर चढत गेलं होतं. काळ्या तांब्यावर सोल्डर, म्हणजे वायर जोडायला वितळवतात तो धातू, धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. मी कापत गेलो, वायर संपली.

म्हणून ग्रँट रोड. मधे दोनच स्टेशनं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. मला वीतभर वायर हवी होती. दुकानदार म्हणाला, "मीटरखाली कापत नाही." घेतली. उरलेली आता घरात कुठल्या ना कुठल्या डब्यात सापडत राहील.

(दृश्य: सर्किट. मधोमध काळा थेंब.)

हा डांबराच्या थेंबासारखा ठिपका दिसतोय ना? गाण्याची चिप त्याखाली. ती गेली तर घरी काही करता येत नाही. पण खेळणं बंद पडलं की आपण तिलाच मेलेली समजतो, आणि ती बिचारी बहुतेकदा ठणठणीत असते. तुटलेली असते तिच्यापर्यंतची वाट.

पंचवीस वॉटचं सोल्डरिंग आयर्न, दोन टाके. मुलगी हातभर लांब, आईच्या मांडीवर.

(दृश्य: इंजिन भिंतीला धडकून वळतं.)

हे वळतं कसं, तर सेन्सर वगैरे काही नाही. पोटाखाली फिरत्या तबकडीवर दोन चाकं. अडलं की तबकडी फिरते, चाकांची दिशा बदलते. मला हे आज, उघडल्यावर कळलं.

गाणं सुरू झालं. दुसऱ्यांदा. पाचव्यांदा.

आतून माझी आई: "वाजतंय ते कळलं रे. आता सेल काढून ठेव."