चवथीचं भाडं

(दृश्य : मालवणचा किनारा, पहाट. वाळूवर ओढून घेतलेल्या होड्या. वर झावळ्या आणि निळं प्लास्टिक.)

जून लागला की या किनाऱ्याचा आवाज बदलतो. इंजिनं थांबतात, लिलावाची ओरड थांबते, उरते ती फक्त समुद्राची गाज. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचा काळ. बंदी हवीच, हे इथला प्रत्येक मच्छीमार सांगेल. पण या ६१ दिवसांत घरात पैसा येत नाही, हेही तोच सांगेल.

आणि नेमक्या याच दिवसांत या घरातल्या मुलीला एक फी भरायची आहे.

ती २३ वर्षांची आहे. नाव सांगू नका म्हणाली, म्हणून सांगत नाही. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. झाली. बचत गटांची कागदपत्रं करणाऱ्या एका लहान संस्थेत काम करते, महिना ११,००० रुपये. तिला एम.एस.डब्ल्यू. करायचंय, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. दोन वर्षं, चार सत्रं, आणि घरापासून पाचशे किलोमीटर लांब.

(दृश्य : चुलीमागची खिडकी. खिडकीत एक लांबट वही.)

ही वही तिच्या आईची. आई बाजारात मासे विकते. कुणाकडून किती बांगडे घेतले, बर्फाचे किती, कुणाची उधारी राहिली, सगळं हिच्यात. शेवटच्या पानावर मात्र मुलीचं अक्षर आहे. ते पान भरायला तिला आठ महिने लागले.

सुरुवात झाली गेल्या ऑक्टोबरात. तिनं पहिल्यांदा एकच ओळ लिहिली : फी. पुढे तीन संस्थांचे तीन आकडे. अनुदानित जागेची फी परवडण्यासारखी, विनाअनुदानित जागेची तिच्या कितीतरी पट. एकाच आवारात, एकाच अभ्यासक्रमाला असे दोन दर असू शकतात, हे तिला तेव्हा कळलं. अर्ज करणाऱ्या प्रत्येकानं आधी हेच विचारावं : ज्या जागेसाठी मी अर्ज करतेय, ती कुठल्या प्रकारची?

वडलांनी पान पाहिलं आणि विचारलं, "दोन वर्सां तुझो पगार येवचो नाय. तो खर्चच ना गो?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ११,००० गुणिले २४ म्हणजे २,६४,००० रुपये. पानावरचा सर्वांत मोठा आकडा हा निघाला, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मग ओळी वाढत गेल्या. वसतिगृह आणि मेस, महिना ६,५००. फोन, झेरॉक्स, औषधपाणी, ५००. आणि फील्डवर्कचा प्रवास, १,२००.

फील्डवर्कबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. समाजकार्य वर्गात बसून शिकवलं जात नाही. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, वस्तीत, रुग्णालयात, न्यायालयात जातो. संध्याकाळी परत येऊन दिवसभर काय पाहिलं, काय केलं, कुठे चुकलं ते लिहून काढतो. आठवड्याला पर्यवेक्षक ते वाचतात, समोर बसवून प्रश्न विचारतात. याशिवाय ग्रामीण शिबिर असतं, शेवटी सलग महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट असते, म्हणजे एखाद्या संस्थेत पूर्णवेळ फील्डवर्क, प्रबंध असतो. या शिक्षणाचा सगळा कस तिथे आहे. पण या कामाचे पैसे बहुधा मिळत नाहीत, उलट जायचं-यायचं भाडं आपल्याच खिशातून जातं. शिवाय दोन दिवस फील्ड, उरलेले दिवस वर्ग, रात्री अहवाल, यात अर्धवेळ नोकरी बसवणं फार अवघड. "तिकडे जाऊन काहीतरी काम करीन आणि भागवीन," असं ठरवून गेलेली मुलं दुसऱ्याच सत्रात थकलेली मी पाहिली आहेत.

तिनं महिन्याचे ८,२०० धरले, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षांचे १,६४,०००. बुडालेल्या पगारासकट ४,२८,०००. फी अजून वेगळीच.

पान मिटून ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

(दृश्य : कुंभार्ली घाट, धुकं. रस्त्याची वळणं.)

कोकणातल्या मुलांचा आणि शिक्षणाच्या खर्चाचा हा झगडा जुना आहे. १८७५ साली दापोलीजवळच्या मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेला बसायला पायी निघाला. कुंभार्लीचा घाट चढून साताऱ्याला पोचला. तिथे त्याला पाहून सांगण्यात आलं, तू वयानं लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. तो मुलगा तसाच परत फिरला. धोंडो केशव कर्वे त्याचं नाव. पुण्यात समाजकार्य शिकवणारी एक संस्था १९६३ पासून त्यांच्या नावानं उभी आहे. मुंबईत निर्मला निकेतनचं कॉलेज १९५५ पासून. आणि देशातलं या विषयाचं पहिलं विद्यालय १९३६ साली मुंबईतच सुरू झालं, आजची टाटा समाजविज्ञान संस्था.

आज घाट चढावा लागत नाही, अर्ज मोबाइलवर भरता येतो. तरी पायपीट आहेच. टाटा संस्थेची वाट आता सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून जाते, तिचे अर्ज हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. इतर विद्यापीठांच्या रीती निराळ्या, तारखा निराळ्या. आणि कागद! उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास. सेतू केंद्राच्या बाकावर तिचे किती दिवस गेले, ते तिनं वहीत लिहिलेलं नाही.

(दृश्य : टेबलावर कोरा कागद. पेन.)

अर्जासोबत एक निवेदन लिहायचं असतं : तुम्हाला समाजकार्य का करायचं आहे? तिनं पहिलं वाक्य लिहिलं, "मला लहानपणापासून समाजाची सेवा करायची इच्छा आहे." मला दाखवलं. मी विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणाली, नाही, सगळे असंच लिहितात.

मग तिनं शेजारच्या आजीबद्दल लिहिलं.

आजी एकटीच. मुलगे मुंबईला. श्रावणबाळ या सरकारी वृद्ध-पेन्शन योजनेचे महिन्याला १,५०० रुपये तिला मिळायचे, ते मध्येच बंद झाले. ही मुलगी आजीला घेऊन केवायसी करायला गेली. यंत्रावर अंगठा ठेवला, ठसा उमटेना. दुसरा अंगठा, मग सगळी बोटं एकेक करून. ४० वर्षं मासे कापून, बर्फात आणि मिठात हात घालून आजीच्या बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. काचेवर नुसता ओला डाग. आजी आपलीच बोटं उलटसुलट करून बघत राहिली, जणू तिचंच काही चुकलं. मुलीनं चौथ्या खेपेला डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवून घेतली. पेन्शन सुरू झालं.

तिनं शेवटी लिहिलं : आजीचं काम झालं ते मी चिवट आहे म्हणून. पण ज्यांचे हात असे झिजलेत, अशा किती जणी घरी बसल्या असतील? त्यांना शोधायचं कसं, कुठल्या कायद्यानं, कुणाला जाब विचारून, हे मला येत नाही. ते शिकायचं आहे.

हे वाचल्यावर मला तिच्या प्रवेशाची काळजी उरली नाही. पैशांची मात्र होती.

(दृश्य : एका बँकेची शाखा, बाहेरून. पाऊस.)

घरात पहिला विचार आला तो आईच्या पाटल्यांचा. पतसंस्थेत ठेवल्या की तासाभरात पैसे. पण सोनंतारणाचं व्याज दुसऱ्या दिवसापासून डोक्यावर बसतं आणि मुदत लहान. शैक्षणिक कर्जाचं गणित वेगळं. बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात आणि हप्ते अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होतात. व्याज मात्र शिकत असतानाही चढत असतं, हे विसरू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती यादीतल्या संस्थांपुरतीच. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे अर्ज भरण्याआधी बघायला हवं.

एक अडचण बँकेत बसल्यावर कळली. वडलांच्या होडीच्या इंजिनाचं कर्ज होतं, दोन हप्ते उशिरा गेले होते. सहकर्जदाराचा जुना व्यवहार बँक बघणारच. डिसेंबरात ते हप्ते आधी चुकते केले. कर्ज हवं त्याच्या सहा महिने आधी ही चौकशी केली म्हणून ते जमलं.

दुसरी अडचण जास्त अवघड. कर्ज मंजूर होतं ते प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर, आणि रक्कम जाते थेट संस्थेच्या खात्यात. पण जागा पक्की करायला पहिले पैसे चार-आठ दिवसांत भरायचे असतात. शिष्यवृत्तीचंही तसंच, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज होतो, पैसे नंतर येतात, कधी वर्ष संपता संपता. मधली ही फट भरायची कशी? इथे आपण परत त्या ६१ दिवसांवर येतो. आंब्याची बाग असलेल्या घरात मे महिन्यात पैसा असतो, जूनमध्ये तो संपत आलेला असतो. मच्छीमाराकडे नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो, हातात पैसा खेळतो तो त्यानंतर. प्रवेशाचं वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांच्या घरी दर एक तारखेला पगार येत असणार.

आईनं यावर उपाय काढला. ऑक्टोबरात बांगडा जोरात होता. रोजच्या विक्रीतले २०० रुपये तिनं बाजूला काढले, डब्यात न ठेवता पोस्टात टाकले. मेअखेर फीचा पहिला हप्ता तयार होता. पाटल्या हातातच राहिल्या.

(दृश्य : रिकामा रेल्वे फलाट, रात्र.)

इथे मला माझं सांगायला हवं. १२ वर्षांपूर्वी माझ्याही हातात असंच प्रवेशाचं पत्र होतं. आम्ही रत्नागिरीकडचे. संध्याकाळी मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. मी पुन्हा विचारलं नाही, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मुदत गेली. नुसती वही घेऊन बसलो असतो, तर कदाचित "नाही"च निघालं असतं. पण ते कशामुळे, हे तरी कळलं असतं. बाबा आता नाहीत. त्या पत्राची घडी अजून माझ्याकडे आहे.

म्हणून मी या घरात कॅमेरा घेऊन आले.

मुलीच्या आईनं एकदा मलाच विचारलं, "शिकान झाल्यार नोकरी खंय गावतली?" मी गोड उत्तर दिलं नाही. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, जिल्हा बाल संरक्षण कक्षात, अत्याचार सोसलेल्या बायकांना मदत करणाऱ्या सखी केंद्रात, समुपदेशनात जागा असतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासारख्या ठिकाणी बऱ्या झालेल्या माणसाला घरच्यांनी परत स्वीकारावं म्हणून गावोगाव जाणारा माणूस लागतो. पण यातली बरीच कामं कंत्राटी, मानधनावरची. सुरुवातीचा पगार तिच्या आताच्या पगाराच्या दुप्पट असेल किंवा नसेलही. कर्जाचा हप्ता त्यातूनच जायचा.

आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं देवरूखच्या मातृमंदिराचं नाव काढलं. तिच्या मावशीचं बाळंतपण तिथलं. इंदिराबाई हळब्यांनी १९५४ साली उभं केलेलं ते घर. "ती पण भायरसून इल्ली," आई म्हणाली, "हडे रवली." बाहेरून आलेली बाई इथे राहिली, मग इथली शिकून इथे का नाही राहणार, एवढाच तिचा हिशेब.

मुलगी परत येईलच, असं मी म्हणणार नाही. मुंबईनं कोकणातली किती माणसं ठेवून घेतली आहेत. तिनं स्वतः एवढं ठरवलंय की शेवटच्या महिन्याची प्लेसमेंट पर्यवेक्षकांशी बोलून सिंधुदुर्गात मागायची.

(दृश्य : तेच घर. कौलांवर पाऊस. वही जमिनीवर उघडी.)

जूनचा तिसरा आठवडा. पत्र आलंय, अनुदानित जागा. उद्या पहिला हप्ता भरायचा. वडील ओटीवर जाळं शिवतायत, कान आत. मुलगी शेवटचं पान पुन्हा वाचून दाखवते : मेस, फील्डवर्क, झेरॉक्स, बुडालेला पगार, कर्ज, व्याज.

आई लसूण सोलता सोलता ऐकते. पान संपतं तशी मान वर करते.

"चवथीक येवचां भाडां खंय लिवलंस?"

मुलगी पेन उघडते. गणपती, जाऊन-येऊन, दोन वर्षं. आकडा लिहिते आणि खाली पुन्हा बेरीज मांडते.