मोजणीनं वगळलेलं तळं

२६ ऑगस्ट २००८. कंबोडियाची राजधानी, फ्नॉम पेन्ह. शहरातलं बोंग काक तळं बुजवण्यासाठी त्यात आज जाड पाइपांमधून वाळू आणि पाणी सोडायला सुरुवात झालीय. वाळू खाली बसते, पाणी वर येतं आणि काठच्या घरांत शिरतं. तळ्याभोवती चार हजारांच्या आसपास कुटुंबं राहतात. कुणी पाण्यावरच भाजी पिकवतं, कुणी परदेशी पर्यटकांना खोल्या भाड्यानं देतं.

हे तळं भाडेपट्ट्यानं दिलं गेलंय. फेब्रुवारी २००७ मध्ये फ्नॉम पेन्हच्या महापालिकेनं पाणी आणि भोवतालची जमीन धरून १३३ हेक्टर ९९ वर्षांसाठी शुकाकू नावाच्या कंपनीला दिले, ७ कोटी ९० लाख डॉलरना. हिशेब करून पाहा: राजधानीतली जागा, चौरस मीटरला वर्षाकाठी साधारण ६० सेंट. कंपनीचे प्रमुख सत्ताधारी पक्षाचे सिनेटर होते. त्याबद्दल वेगळं काही बोलायला नको.

पण ही गोष्ट फक्त एका कंपनीची असती, तर ती वॉशिंग्टनला जागतिक बँकेच्या संचालक मंडळापर्यंत पोहोचली नसती. ज्या वर्षांत हे घडत होतं, त्याच वर्षांत, त्याच शहरात, बँकेच्या पैशानं लोकांना जमिनीच्या मालकीचे दाखले वाटले जात होते.

दाखल्यांची गरज कुठून आली, हे समजायला १९७५ सालात जावं लागतं. १७ एप्रिलला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी फ्नॉम पेन्ह घेतलं आणि शहर रिकामं केलं. खासगी मालकी संपली, जमिनीच्या नोंदी नष्ट झाल्या. १९७९ साली ती राजवट कोसळल्यावर लोक परतले आणि जिथे जागा मिळाली तिथे राहिले. खासगी मालकीला पुन्हा मान्यता मिळाली ती १९८९ साली. म्हणजे अख्ख्या देशात घरं होती, शेतं होती, वहिवाट होती, कागद मात्र जवळपास कुणाकडेच नव्हता.

२००१ सालच्या जमीन कायद्यानं यावर उपाय काढला. कायदा येण्याआधी निदान पाच वर्षं जमीन शांतपणे, वादाशिवाय ताब्यात असेल, तर मालकी मागता येते. अट एकच, जमीन सार्वजनिक सरकारी मालमत्ता नसावी. आणि तळं, नदी ही सार्वजनिक मालमत्ता. पुढच्याच वर्षी नोंदणीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पैसा जागतिक बँकेचा; जर्मनी, फिनलंड आणि कॅनडाचीही मदत. मोजणीची पथकं एकेक वस्ती घ्यायची, हद्दी ठरवायची, नकाशा आणि यादी लोकांसमोर लावायची, हरकती ऐकायची आणि दाखले द्यायची. दहा लाखांहून अधिक दाखले दिले गेले. काम स्वस्तात आणि वेगानं झालं, हे मान्य करायलाच हवं.

वेगाचं कारणही उघड होतं. भांडण असलेली जमीन बाजूला ठेवली जायची.

तळ्याकाठच्या वस्तीत पथक आलं, तेव्हा तिथल्या लोकांचा दावा तपासलाच गेला नाही. जानेवारी २००७ मध्ये नकाशा लागला, त्यात त्यांच्या घरांपुढे मालक ‘अज्ञात’ होता. पुढच्या महिन्यात भाडेपट्टा झाला. ज्याच्या जमिनीवर कुणाचाच डोळा नाही, त्याला दाखला मिळाला. ज्याला तो उद्या सकाळी पोलिसांसमोर धरायचा होता, त्याच्या दारावरून मोजणी पुढे गेली. यश दाखल्यांच्या संख्येत मोजलं की असंच होतं. वगळलेली घरं त्या आकड्यात दिसत नाहीत.

कागदानं गरिबी हटते, हा दावा त्या काळात फार जोरात होता. दाखला हाती आला की माणूस तो गहाण टाकेल, कर्ज काढेल, धंदा करेल. ब्यूनोस आयर्सच्या कडेला १९८१ साली वसलेल्या एका वस्तीत अर्थतज्ज्ञांनी हे नीट तपासलं. तिथे शेजारशेजारच्या घरांपैकी काहींना मालकी मिळाली होती, काहींना नाही, कारण काही मूळ मालक कोर्टात गेले होते. दाखला मिळालेल्यांनी घरं पक्की केली, त्यांची मुलं जास्त शिकली. कर्ज मात्र फारसं वाढलं नाही. कागदाचा उपयोग बँकेत कमी आणि घरात जास्त झाला. आपल्याला इथून कुणी उठवणार नाही, हा भरवसा त्यांना मिळाला. बोंग काकला नेमका तोच नाकारला गेला.

सप्टेंबर २००९ मध्ये रहिवाशांच्या वतीनं जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार गेली. या मंडळाचा जन्म नर्मदेच्या काठावरचा. सरदार सरोवरासाठी बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. महाराष्ट्रातल्या मणिबेलीसारख्या गावांनी घर सोडायला नकार दिला. बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ साली पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेल्या कर्जावर पाणी सोडलं आणि त्याच सप्टेंबरात बँकेनं हे मंडळ स्थापलं. बँकेच्या प्रकल्पामुळे नुकसान झालेला माणूस थेट तिच्याकडे दाद मागू शकेल, अशी ती पहिली सोय. मंडळ चौकशी करतं. हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही.

तक्रार गेली त्याच महिन्यात कंबोडिया सरकारनं प्रकल्पच थांबवला. बँकेच्या अटी फार गुंतागुंतीच्या आहेत, असं कारण दिलं. मंडळानं चौकशी केली आणि बँकेनं आपलेच नियम पाळले नाहीत, असा निष्कर्ष काढला. तोवर वाळू पडतच होती. कुटुंबांपुढे ठेवलेले पर्याय होते साडेआठ हजार डॉलर, शहराबाहेर सुमारे वीस किलोमीटरवर घर, किंवा कधीतरी तिथेच बांधून मिळणारं घर. बहुतेकांनी पैसे घेतले आणि गेले.

ऑगस्ट २०११ मध्ये बँकेनं जाहीर केलं की रहिवाशांशी तोडगा निघेपर्यंत कंबोडियाला नवं कर्ज मिळणार नाही. काही दिवसांतच पंतप्रधान हुन सेन यांनी १२.४४ हेक्टर जमीन तिथे उरलेल्या कुटुंबांना देण्याचा आदेश काढला. पत्रं, अहवाल, बैठका यांनी जे झालं नाही, ते कर्ज अडल्यावर झालं. अर्थात ज्यांनी आधीच घर सोडलं होतं, त्या हजारोंना यातून काही मिळालं नाही. टिकून राहिलेल्यांपैकीही काही घरं १२.४४ हेक्टरच्या रेषेबाहेर ठेवली गेली.

त्या घरांसाठी भांडल्या त्या मुख्यतः बायका. मे २०१२ मध्ये वाळूनं भरलेल्या जागेवर निदर्शनं केली म्हणून तेरा जणींना दोन दिवसांत खटला चालवून अडीच वर्षांची शिक्षा झाली. महिन्याभरानं अपील न्यायालयातून त्या सुटल्या. टेप वन्नी त्यांच्यापैकीच एक.

२०१६ साली जागतिक बँकेनं कंबोडियाला पुन्हा कर्ज द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टेप वन्नी यांना पुन्हा अटक झाली. दोन वर्षांनी राजाच्या माफीनं त्या बाहेर आल्या.