आधी गोष्ट, मग बाराखडी
(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. मी इथे कॅलिफोर्नियात हायस्कूलला स्पॅनिश शिकवते आणि रविवारी आपल्या मराठी शाळेत मदत करते, त्यामुळे आज जे सांगणार आहे ते या दोन्ही वर्गांतून आलेलं आहे.

आपली बरीच मुलं 'कमळ', 'बदक' धडाधड वाचतात, देवनागरी आहेच तशी, अक्षर ओळखलं की उच्चार जमला. पण चार ओळी वाचून झाल्यावर विचारलं की यात काय झालं रे, तर मूल गप्प. अर्थ पोचलेलाच नसतो.

स्टीफन क्रॅशन हे सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेले भाषातज्ज्ञ, त्यांचं १९८० च्या दशकापासून म्हणणं आहे की भाषा येते ती समजेल असं भरपूर ऐकून आणि वाचून, नियम पाठ करून नाही. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, सॅन होजे स्टेटच्या जेम्स ॲशर यांनी 'उठ, चाल, दार उघड' अशा सूचना देऊन आणि मुलांकडून त्या करून घेऊन भाषा शिकवायची पद्धत काढली. बेकर्सफील्डचे स्पॅनिशचे शिक्षक ब्लेन रे तीच वापरायचे, पण नुसत्या आज्ञांवर किती दिवस चालणार, म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी त्याला गोष्टींची जोड दिली, आणि त्यातून टीपीआरएस, म्हणजे गोष्ट सांगत आणि वाचत भाषा शिकवायची पद्धत, उभं राहिलं.

वर्गात ते असं चालतं. फळ्यावर दोनतीनच नवे शब्द, शेजारी इंग्लिशमध्ये अर्थ, तिथे अजिबात संकोच नाही. मग एक वाक्य, 'म्हातारी लेकीकडे जाते.' म्हातारी लेकीकडे जाते का? हो. शाळेत जाते का? नाही. लेकीकडे जाते का वाघाकडे? कोण जातं? कुठे जाते? मूल आधी नुसतं हो-नाही म्हणतं, मग एक शब्द, मग आपसूक अख्खं वाक्य. लेक कुठे राहते ते मुलांनी ठरवायचं, कोणी फ्रीमाँट म्हणतं, कोणी चंद्रावर, आणि गोष्ट त्यांची होऊन जाते. वाचन शेवटी, तेही ऐकलेल्याच गोष्टीचं, म्हणजे अक्षरं जुळवताना अर्थ आधीच डोक्यात असतो.

आणि आपल्या लोककथा तर यासाठी तयारच आहेत हो! 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' हे म्हातारी जंगलात भेटेल त्या प्रत्येक प्राण्याला सांगते, म्हणजे भविष्यकाळाचं तेच रूप पुन्हा पुन्हा कानावर पडतं आणि मुलांना कंटाळा येत नाही कारण पुढे तिला कोण भेटणार ते बघायचं असतं. चिऊताईच्या दाराशी कावळा येतो तिथेही तेच. हे वर्कशीटने होत नाही, मी दोन्ही वर्गांत बघितलंय.

आता कॅनडात मेरिल स्वेन या भाषातज्ज्ञ बाईंनी दाखवलं की फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेल्या मुलांना समजतं छान, पण बोलताना व्याकरण कच्चं राहतं, म्हणून बोलायला लावणंही गरजेचं. मला ते पटतं. पण ती मुलं शाळेत रोज फ्रेंच ऐकत होती, आपल्या मुलांना आठवड्यातून एक वर्ग आणि घरी 'जेवलास का, चल झोप' एवढंच, तेव्हा आपल्याकडे कमी पडतंय ते आधी ऐकणंच.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेत त्यांना रविवारी वर्गात घेऊन या. त्यांच्याकडे गोष्टी आहेत, सवड आहे, आणि मराठी तर आहेच. हळू बोलायचं, फळ्यावर चित्र काढायचं, तोच प्रश्न पाच प्रकारांनी विचारायचा आणि मूल इंग्लिशमध्ये बोललं तरी रागवायचं नाही, एवढं मी पहिल्या दिवशी सोबत बसून दाखवीन. पुढच्या सत्रात दर वर्गाला एक आजी किंवा आजोबा मिळावेत असा प्रयत्न आहे, आज जेवणानंतर मी नोंदणीच्या टेबलापाशी आहे, नावं तिथेच द्या.