गवत वाढतं ते बुडाकडून

श्रोतेहो, नमस्कार.

गवताचं पातं अर्ध्यावर कापा. काही दिवसांत तेच पातं पुन्हा लांबलेलं दिसेल, टोक मात्र कापलेलं ते कापलेलंच. कारण पातं टोकाकडून वाढत नाही, बुडाकडून वाढतं. वाढीचा कोंब मातीलगत, जुन्या पात्यांच्या आवरणात दडलेला असतो. जनावराचा दात सहसा तिथवर जात नाही. वणवाही सरसर पुढे सरकतो, मातीत दोन-तीन सेंटिमीटर खाली फारशी धग पोचत नाही. त्याच वणव्यात झाडाचं कोवळं रोप मात्र शेंड्यासकट होरपळतं. पुरेसा पाऊस असूनही काही मुलुखांत जंगल न होता गवत टिकतं, त्याचं हे एक मोठं कारण.

या हिशेबात चरणाऱ्या जनावरांना वगळून चालत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत 1960 च्या सुमारास नू या प्राण्याची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने त्यांची वाढ रोखून धरली होती. भोवतालच्या गुरांना लस दिली, रानातला रोग हटला आणि 1970 चं दशक संपता संपता नू 13 लाखांच्या घरात गेले. एवढ्या तोंडांनी गवत खाल्लं, वणव्याला जळण उरलं नाही, आगी कमी झाल्या आणि झाडं वाढली. लस टोचली गुरांना, फायदा झाला झाडांना!

आता चराई किती असावी? अमेरिकेत क्रायडर या संशोधकांनी गवत वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांकडे पाहिलं. त्यांचे निष्कर्ष 1955 साली प्रसिद्ध झाले. निम्मा पाला गेला तरी मुळांच्या वाढीवर जेमतेम परिणाम होतो. 80 टक्के गेला की मुळं वाढायची थांबतात. म्हणून अर्धं खाऊ द्यावं, अर्धं ठेवावं. खरा घोटाळा होतो तो जनावरं एकाच तुकड्यात महिनोन्महिने राहिली की. ती चवीचं गवत शोधून खातात, त्याला फुटलेली कोवळी पाती पुन्हा खुडतात, आणि शेजारचं बेचव गवत तसंच सोडतात. चवीचे ठोंब आधी संपतात. लांबून रान हिरवंच दिसतं, त्यामुळे ते लवकर लक्षात येत नाही. म्हणून एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवावी, आतल्या जाती मोजाव्यात, उघडी माती किती ते पाहावं आणि दर वर्षी त्याच जागी, त्याच हंगामात पुन्हा मोजावं.

पण कायमची चराईबंदी हाही उपाय नव्हे. जिथे पाऊस बरा असतो तिथे वाळलेल्या पाल्याचा थर साचतो, बुडाशी ऊन पोचत नाही, नवे फुटवे येत नाहीत आणि बुटक्या वनस्पती गुदमरतात.

खतानेही नुकसान होतं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे 1856 पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. काहीच न घातलेल्या वाफ्यांत 40 च्या आसपास जाती टिकल्या. अमोनियम सल्फेट भरपूर आणि चुना अजिबात नाही, अशा ठिकाणी माती आंबट होऊन दोन-तीनच उरल्या. नत्र मिळालं की दांडगी गवतं उंच होतात आणि बाकीच्यांचं ऊन खातात. उघड्या माळावर खड्डे खणून झाडं लावणं त्याहून वाईट: आधी मुळांचं जुनं जाळं तुटतं, मग सावली पडते. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांना भर ऊन लागतं.

उजाड तुकड्यावर गवत परत आणायचं असेल तर बी जवळच्याच माळावरचं घ्यावं. कुसळी गवताचं बी तर स्वतःच पेरून घेतं. कोरड्या कुसळाला पीळ असतो. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, पीळ सुटत कुसळ गरगरायला लागतं. जमिनीवर पडलेलं बी असंच ओल आणि ऊन यांच्या फेऱ्यांत मातीत घुसतं, आणि टोकाजवळचे उलटे केस त्याला मागे सरू देत नाहीत. पेरायला सोपं जावं म्हणून कुसळं काढून टाकलीत, तर ते काम तुमच्याकडे येतं: बी फार तर एक सेंटिमीटर मातीने झाकायचं आणि वरून हलक्या हाताने दाबायचं.